वडिलांनी स्वतः लावलेल्या चालीवर त्यांनाच कॉपीराइट स्ट्राइक, काय करावं?

काळी_चार:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचे वडील झेडपीचे रिटायर मास्तर, वय ७१, गावच्या भजनी मंडळात पेटी त्यांच्याकडे आणि गळाही त्यांचाच. लॉकडाऊनमध्ये देऊळ बंद होतं तेव्हा मी त्यांचं घरातच रेकॉर्डिंग करून टाकायला लागलो, तसं करता करता चॅनेल झालं, आज अठराशेच्या आसपास सबस्क्रायबर आहेत, त्यातले निम्मे मुंबई-ठाण्याला गेलेले आमच्याच पंचक्रोशीतले. पैसे म्हणाल तर मंडळाच्या चहाचे सुटतात कसेबसे.

आता गेल्या आठवड्यात एकापाठोपाठ तीन मेल आले. पहिला काकड्याच्या व्हिडिओवर. ४२ मिनिटांचा व्हिडिओ, क्लेम (म्हणजे 'हे आमचं आहे' असा दावा) सुरुवातीच्या तीन मिनिटांवर, आणि त्या तीन मिनिटांत कोणी गातच नाहीये, नुसता मोबाइलमधला तानपुरा चालू आहे आणि वडील पेटीवर सूर धरतायत. मूळ गाणं म्हणून दाखवतायत ते कुठलं तरी झोप लागण्यासाठीचं मेडिटेशन म्युझिक.

दुसरा सप्ताहातल्या एका अभंगावर. ती चाल आमच्याकडे सगळेच म्हणतात, वडील म्हणतात आमच्या बुवांकडून आली, पण खरं सांगतो, मी शोधलं तर तीच चाल एका जुन्या नावाजलेल्या रेकॉर्डवर सापडली.

तिसरा मात्र जिव्हारी लागला. १९९७ ला वडिलांची एक कॅसेट निघाली होती, शहरातल्या एका छोट्या कंपनीने काढलेली, आठ अभंग, आठही चाली वडिलांच्या स्वतःच्या. १५०० रुपये आणि २५ कॅसेटी मिळाल्या होत्या. कंपनी कधीच बंद पडली. मी ती कॅसेट डिजिटल करून टाकली तर व्हिडिओच उडवला आणि चॅनेलला स्ट्राइक. तक्रार करणारी कंपनी भलतीच, आम्ही नावही ऐकलेलं नाही. त्यांचा अल्बम गाण्यांच्या ॲपवर शोधला तर हेच आठ अभंग, हाच आवाज, गायक म्हणून लिहिलंय 'भक्ती संगीत' आणि संगीतकार 'पारंपरिक'. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, पैशाचं जाऊ दे रे, पण पारंपरिक काय? मी अजून जिवंत आहे.

तुकोबांच्या अभंगावर कुणाचा कॉपीराइट असू शकतो का हा माझा प्रश्न. आणि भाच्याचा एक प्रश्न: कॅसेटच्या बी साइडला तिसऱ्या अभंगात फीत अडकून दोन ओळी गेल्यात, त्या एआयने वडिलांच्या आवाजात भरल्या तर चालतं का?

टाळकुटे:

भाऊ एवढं टेन्शन नको घेऊ. डिस्क्रिप्शनमध्ये लिहून टाक 'सर्व हक्क मूळ मालकांचे, कॉपीराइट भंगाचा हेतू नाही', आमचं मंडळ तेच लिहितं. ३० सेकंदांच्या आत काहीही चालतं, तुकडे करून टाक. नाहीतर सरळ डिलीट मार आणि आवाजाची पट्टी थोडी वर करून परत चढव, मशीनला कळत पण नाही. राम कृष्ण हरी.

कोर्टाची_पायरी:

दादा, आधी वर टाळकुटे यांनी सांगितलंय त्यातलं काहीही करू नका. टाळकुटे, राग मानू नका. ते ३० सेकंदांचं कायद्याच्या पुस्तकात कुठेच नाही, कुणी पहिल्यांदा उठवलं देव जाणे. आणि 'हक्क मूळ मालकांचे' लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला ऊस मोडून वर ऊस पाटलांचा आहे अशी पाटी लावण्यासारखं, उलट तुम्हाला माहीत होतं याचा तो पुरावा होतो. डिलीट केल्याने स्ट्राइकही जात नाही, आणि पट्टी बदलून चढवलेलं परत पकडलं गेलं तर दुसरी स्ट्राइक.

मी तालुका-जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, मुख्य काम वाटपाच्या दाव्यांचं, पण एका लोककलावंताच्या कामात या कायद्यात उतरावं लागलं होतं. आणि गंमत म्हणजे हा कायदा वाटपाच्या दाव्यासारखाच आहे. एक अभंग म्हणजे जुना वाडा समजा, बाहेरून घर एक दिसतं पण आत चार बिऱ्हाडं: शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी, आणि रेकॉर्डिंग कुणाच्या पैशाने झालं. चौघांचा सातबारा वेगळा आणि चौघांची मुदतही वेगळी.

शब्दांचं बिऱ्हाड तुमच्या बाबतीत मोकळंच. आपल्या १९५७ च्या कायद्यात कवी गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, आधी ५० होती, टागोरांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये दुरुस्ती करून ६० केली. तुकाराम महाराज १६५० चे, तिथे प्रश्नच येत नाही. अलीकडचे कवी असले की मात्र तारखा बघाव्या लागतात. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ ला, मृत्यूनंतर छापलेल्या साहित्याची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, म्हणजे २०१२ संपल्यावर ती मोकळी झाली.

चालीचं बिऱ्हाड वेगळं. कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे फक्त संगीत, शब्द त्यात धरतच नाहीत. त्यामुळे शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असले तरी चाल कालची असू शकते. श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांच्या अभंगांना लावलेल्या चाली घ्या, खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालींवर २०७१ च्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क. तुमच्या दुसऱ्या व्हिडिओचं दुखणं हेच असणार. त्या जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर बघा, संगीतकार म्हणून माणसाचं नाव आहे की 'पारंपरिक' लिहिलंय. पारंपरिक असेल आणि तुमच्या बुवांच्या मंडळात ती चाल रेकॉर्डच्या आधीपासून असल्याचं काही सापडलं, जुनी वही, स्पूल, काहीही, तर भांडा. माणसाचं नाव असेल तर भांडू नका, क्लेम राहू द्या.

कॅसेटचं नंतर लिहितो, त्याआधी सांगा, १५०० रुपये दिले तेव्हा कशावर सही घेतली होती? तो कागद शोधा. पत्र्याच्या पेटीत, पंचांगात, कुठेही असेल.

मिक्सर_मामा:

मी साउंडवाला, कायद्यातलं कळत नाही पण पहिल्या व्हिडिओचं सांगू शकतो कारण आमच्याकडे हे दर महिन्याला एक तरी येतं. मशीन गाणं ऐकत नाही, ठसा जुळवतं, पोलीस स्टेशनला बोटांचे ठसे जुळवतात तसं. मोबाइलमधला तानपुरा म्हणजे कुणीतरी एकदा रेकॉर्ड केलेला काही सेकंदांचा तुकडा फिरत राहतो. तोच ॲप मांडीवर ठेवून कुणीतरी वर बासरी फुंकली, मेडिटेशनचा अल्बम म्हणून गाणी ॲपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे दिला, त्याने तो ठशांच्या यादीत टाकला, झालं. आता तेच ॲप त्याच पट्टीत लावून जो जो बसेल त्याच्या गळ्यात क्लेम. तुमचे वडील गायला लागले की ठसा झाकला जातो, म्हणून बरोब्बर तीनच मिनिटं पकडली.

डिस्प्यूट टाका, म्हणजे क्लेमवर हरकत. ॲपचं नाव लिहा, त्याच्या अटींमध्ये रेकॉर्डिंगला वापरायची परवानगी असेल तर ती ओळ चिकटवा, आणि लिहा की हा तुकडा कुणा एकाच्या मालकीचा नाही. अशा तुकड्यांना यादीत घालायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम आहे. असले क्लेम सहसा सुटतात.

आणि चाल पण पकडतात बरं का आता, रेकॉर्डिंग दुसरं असलं तरी. आमच्याकडे एका मंडळाने हिंदी पिक्चरच्या चालीवर गवळण म्हटली, पखवाज, टाळ, ५० माणसांचा कोरस, मागे स्पीकरला भोंगा, तरी क्लेम आला. बुवा म्हणाले ही चाल माझी. मी म्हटलं बुवा, तेवढं सोडून काहीही बोला.

पणजीकर:

एक शंका. धार्मिक कार्यक्रमाला कॉपीराइट लागत नाही असं एक कलम आहे ना? आमच्या गोव्यात लग्नाच्या डीजेवरून केवढं रामायण झालं होतं. मग देवळातला सप्ताह तर आणखी धार्मिक, त्याचा व्हिडिओ कसा काय अडकतो?

कोर्टाची_पायरी:

पणजीकर, चांगलं आठवलंत. कलम ५२ मधलं झेडए. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवलं-गायलं तर भंग होत नाही, आणि लग्नाची वरात आणि त्यासोबतचे कार्यक्रम त्यात धरलेत. २०२४ च्या जानेवारीत गोवा सरकारने परिपत्रक काढलं की लग्नकार्यात गाण्यांसाठी कुणी पैसे मागू नयेत, तर ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं, कारण कायद्यात आहे त्याच्या पलीकडे परिपत्रकाने जाता येत नाही. कलम मात्र आहे तिथेच आहे.

पण ते देवळात गाण्यापुरतं. सप्ताहात बुवांनी कुणाचीही चाल म्हणावी, हात कोण लावणार. तोच सप्ताह रेकॉर्ड करून नेटवर चढवला आणि त्यावर जाहिराती लावल्या की तो विधी राहिला असं म्हणणं अवघड आहे. देवळाच्या उंबऱ्याच्या आत सूट, मोबाइल बाहेर काढला की नाही, ढोबळमानाने असं समजा.

काळी_चार:

मामा, वकीलसाहेब, दोघांचे आभार. तानपुऱ्याचा डिस्प्यूट टाकला. दुसऱ्या व्हिडिओतल्या चालीच्या जुन्या रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव छापलेलं निघालं, माणसाचंच. वडिलांना सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आमच्या बुवांकडे रेडिओ होता.

कागद सापडला!! आईने गॅस कनेक्शनच्या फायलीत ठेवला होता. पाठकोऱ्या कागदावर पेनाने लिहिलंय, 'आठ अभंगांच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन रु. १५०० रोख मिळाले. माझी काही तक्रार नाही.' खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर वडिलांची आडवी सही आणि तारीख. बस, एवढंच. कॅसेटचं कव्हर पण आहे, त्यावर 'गायन व संगीत' म्हणून वडिलांचं नाव आणि फोटो, फेटा बांधलेला, ओळखू येत नाहीत.

कोर्टाची_पायरी:

वहिनींच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, गॅसच्या फायलीत कागद ठेवणाऱ्या बायकांवर या देशातली निम्मी कोर्टं चालतात.

आता नीट वाचा. वाईट बातमी आधी. रेकॉर्डिंगचं बिऱ्हाड तुमचं नाही. ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन स्टुडिओ लावला, जबाबदारी उचलली तो. प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. १९९७ ची कॅसेट म्हणजे २०५७ संपेपर्यंत. त्यामुळे आवाज वडिलांचा असला तरी ती कॅसेट जशीच्या तशी चढवायला निर्मात्याची किंवा त्याने ज्याला हक्क विकले त्याची परवानगी लागते. मला माहितीये हे ऐकायला कसं वाटतं. माझ्या त्या कलावंताला सांगितलं तेव्हा तो मला म्हणाला, गळा माझा आणि मालकी त्याची, मग गळा पण घेऊन जा म्हणावं.

चालीचं मात्र उलट आहे. तुमच्या कागदात हक्क दिले असा शब्दच नाही. मानधन मिळालं ही पावती झाली, खरेदीखत नव्हे. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी, आणि कुठली कृती, कुठले हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, मोबदला किती हे त्यात यायला लागतं. आणि समजा उद्या कुणी म्हणालं की यातच हक्क आले, तरी मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पाच वर्षं २००२ लाच संपली. आठही चाली आज तुमच्या वडिलांच्या आहेत असं मी तरी छातीठोकपणे सांगेन. त्या चाली वापरणाऱ्या कंपनीने त्यांना विचारायला हवं होतं. रेकॉर्डिंग काढायला त्या काळी तोंडी होकार होता हे ते म्हणतील, म्हणू दे, २५ वर्षांनंतर मोबाइल ॲपवर विकायलाही होता का हे त्यांना दाखवावं लागेल.

तिसरं बिऱ्हाड गाणाऱ्याचं. कलावंताचे हक्क आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने आले, मे १९९५ पासून लागू, तुमची कॅसेट १९९७ ची, त्यामुळे आत बसते. ५० वर्षं, म्हणजे २०४७ अखेर. त्यात पैशांपेक्षा तुमच्या वडिलांना हवी आहे ती गोष्ट ३८बी मध्ये आहे, २०१२ ला आलेलं कलम, गायकाला गायक म्हणून आपलं नाव लावून घ्यायचा हक्क. संगीतकार म्हणून नाव लावायचा हक्क कलम ५७ मध्ये, आणि तो तर चाल विकून टाकली तरी विकला जात नाही. 'पारंपरिक' लिहिणं खपवून घ्यायची काही गरज नाही.

आता करायचं काय. यूट्यूबचं उदाहरण घेतो कारण त्यांचे नियम उघड लिहिलेले आहेत, बाकी ठिकाणी बटणं वेगळी, रीत साधारण तीच. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी. क्लेममध्ये व्हिडिओ सहसा राहतो, जाहिरातीचे पैसे समोरच्याला जातात, चॅनेलला डाग नाही. डिस्प्यूट टाकला की समोरच्याला ३० दिवस, त्याने नाकारलं की अपील, अपिलाला त्याच्याकडे ७ दिवस. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट टाकलात तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवतात, म्हणून तानपुऱ्याचा लगेच टाकला ते बरं केलंत. पण अपिलात हरलात तर तिथून व्हिडिओ उडवून स्ट्राइक येऊ शकते, म्हणून दुसऱ्या व्हिडिओचं भांडण सोडून द्या म्हणालो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनेल जातं. एकच असेल तर कॉपीराइट स्कूल नावाची छोटीशी परीक्षा द्यायची, ९० दिवसांनी ती उतरते.

स्ट्राइकला काउंटर नोटिफिकेशन देता येतं. ते दिलं की समोरच्याला अमेरिकेतले १० कामकाजाचे दिवस, तेवढ्यात कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत. हे सगळं अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेलं आहे, आपल्या कायद्यातही तसंच आहे, फक्त आकडे वेगळे: लेखी तक्रार आल्यावर ३६ तासांत बंद करायचं आणि २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम नाही आला तर परत चालू करता येतं. पण काउंटरमध्ये तुमचं नाव-पत्ता समोरच्याला जातो आणि 'चुकून काढलंय' असं शपथेवर लिहावं लागतं. तुमच्या बाबतीत रेकॉर्डिंग तुमचं नाही हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे मी काउंटर देणार नाही.

मी असतो तर साधं पत्र पाठवलं असतं. ईमेल आणि सोबत रजिस्टर्ड पोस्ट. मूळ निर्मात्याकडून हक्क मिळाल्याचा कागद दाखवा, चाली वडिलांच्या आहेत, हा कॅसेटच्या कव्हरचा फोटो, हा १५०० चा कागद, नावं दुरुस्त करा, चालींचा मोबदला द्या, स्ट्राइक मागे घ्या. भाषा सौम्य ठेवा. नुसती धमकी देऊन बसणाऱ्याविरुद्ध कलम ६० मध्ये दावा करता येतो, आणि स्वतःच्या हक्काचा भंग झाला तर कलम ६२ प्रमाणे राहत्या जिल्ह्याच्या कोर्टात करता येतो, मुंबई-दिल्ली करायला नको, पण पत्रात एवढ्यात कलमं ओतू नका. बहुतेक वेळा समोर बसलेल्या पोराला पण माहीत नसतं की त्यांनी काय विकत घेतलंय, जुन्या रेकॉर्डिंगचे गोणीच्या गोणी कॅटलॉग उचललेले असतात.

टाळकुटे:

साहेब मग रजिस्ट्रेशन केलं नाही तर चाल आपली कशी? आमचे एक बुवा म्हणतात दिल्लीला फी भरल्याशिवाय कॉपीराइट मिळतच नाही.

कोर्टाची_पायरी:

मिळतो. चाल बांधली आणि कुठेतरी उतरवली, वहीत नाहीतर टेपवर, की हक्क झाला. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, पुढे भांडण झालं तर पुरावा म्हणून कामाला येतं. संगीतकृतीला ५०० रुपये फी, ऑनलाइन होतं, अर्ज केल्यावर ३० दिवस हरकतीसाठी थांबतात. एजंट दहा हजार सांगतात, देऊ नका. पण बुवांना एक विचारा, चाल खरंच त्यांची आहे ना, का त्यांच्याकडे पण रेडिओ होता?

टाळकुटे:

😂😂 नको साहेब, मंडळ फुटेल.

डेटा_दिंडी:

भाच्याच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही म्हणून लिहितो, माझं कामच या आवाजाच्या मॉडेलवर आहे.

नुसत्या आवाजावर कॉपीराइट नसतो, पण आवाज ही माणसाची ओळख आहे असं मुंबई हायकोर्टाने धरलंय. २०२४ च्या जुलैमध्ये अरिजित सिंगच्या प्रकरणात त्याच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्या एआय टूलवाल्यांना अंतरिम आदेशाने थांबवलं, २०२५ ला आशा भोसल्यांच्या प्रकरणातही तसाच आदेश झाला. दोन्ही ठिकाणी मुद्दा परवानगी न घेता केलं हा होता. तुमच्या वडिलांनी भाच्याला हो म्हटलं तर त्यांच्या आवाजाची अडचण नाही. दोन ओळींत लिहून घ्या मात्र, कशासाठी, किती, एवढ्याच अभंगापुरतं. आजोबा-नातू असले तरी घ्या, वरचा १५०० चा कागद बघितलात ना.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, मॉडेलला शिकवायला कॅसेटच वापरणार असाल तर ती दुसऱ्याची. शिकवायला दुसऱ्याचं साहित्य चालतं का यावर आपल्याकडे अजून स्पष्ट उत्तर नाही, एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर दिल्ली हायकोर्टात २०२४ च्या नोव्हेंबरात केलेला दावा याच प्रश्नावर आहे, तो बातम्यांच्या मजकुराचा असला तरी. दोन, फुकटच्या ॲपवर आवाज चढवायच्या आधी अटी वाचा, बऱ्याच ठिकाणी तुम्ही दिलेला आवाज आम्ही पुढे वापरू असं बारीक अक्षरात असतं, आज तुम्ही दोन ओळींसाठी देणार आणि उद्या तोच गळा कुठल्या तरी जाहिरातीत आयुर्वेदिक तेल विकेल. केलंच तर अपलोड करताना 'कृत्रिम किंवा बदललेलं' असा प्रश्न विचारतात तिथे हो म्हणा.

पण एक विचारू का, वडील आहेत की समोर. दोन ओळी परत गायला सांगा ना.

काळी_चार:

दादा, तेच तर भाच्याला म्हटलं. पण कॅसेटमध्ये ते ४३ वर्षांचे होते आणि काळी चारमध्ये गायलेत, म्हणजे पेटीवरची चौथी काळी, बराच उंच सूर, म्हणून तर माझं हे नाव. आता काळी दोनच्या वर गेलं की खोकला येतो. दोन ओळी जोडल्या तर वेगळाच माणूस मध्ये येऊन गेल्यासारखं वाटेल. एआयचं त्यांना विचारलं, चार वाक्यांत समजावलं, तर म्हणाले मशीन गाणार असेल तर पेटी पण त्यालाच वाजवू दे, मी शेतावर जातो.

मिक्सर_मामा:

मग जोडूच नका. वकीलसाहेब म्हणाले ना चाली त्यांच्या आहेत, मग आठही अभंग नव्याने काळी दोनमध्ये रेकॉर्ड करा. नवं रेकॉर्डिंग, निर्माता तुम्ही, शब्द मोकळे आणि बाकी तिन्ही बिऱ्हाडं घरातलीच. फक्त एक काम करा, तानपुरा ॲप नको. मंडळात तंबोरा असेल तर कुणाला तरी मागे बसवा, तारा बदलून घ्या आधी, नाहीतर पेटीचा एक सूर धरून ठेवा. आणि फॅन बंद. लोक फॅन बंद करत नाहीत.

काळी_चार:

तीन आठवड्यांनी अपडेट, कारण बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलं.

तानपुऱ्याचा क्लेम नवव्या दिवशी सुटला, कारण वगैरे काही सांगितलं नाही, नुसतं 'रिलीज'. दुसरा तसाच ठेवलाय, खाली संगीतकाराचं नाव टाकलं, वडिलांनीच टाकायला लावलं.

कॅसेटवाल्यांना पत्र पाठवलं, रजिस्टर्ड पोस्टाची पावती आईने गॅसच्या फायलीत लावली. अकरा दिवस काही नाही. मग एका मुलीचा फोन आला, चांगली बोलली, म्हणाली सर आम्ही तो कॅटलॉग दुसऱ्या एका पार्टीकडून घेतलाय, त्यात कव्हरच आलेलं नाही, नुसत्या ऑडिओ फायली आणि एक एक्सेल शीट, त्यात गायकाचा रकाना रिकामा होता म्हणून भक्ती संगीत टाकलं. वकीलसाहेब, तुमचं गोणीचं वाक्य आठवलं. स्ट्राइक त्यांनी मागे घेतली. व्हिडिओ मात्र परत लावला नाहीये, रेकॉर्डिंग त्यांचं आहे असं ते म्हणतायत आणि आपणही म्हणतोय, फक्त मूळ निर्मात्याचा कागद अजून दाखवलेला नाही. चालींच्या पैशांचं 'वर विचारून सांगते'. नाव दुरुस्त करायला तयार आहेत, इंग्रजी स्पेलिंग मागितलं. वडिलांनी वहीच्या पानावर मराठीत संपूर्ण नाव लिहून दिलं, वडिलांच्या वडिलांच्या नावासकट, आणि मला बजावलं की मागे बुवा लावायचं नाही.

नवं रेकॉर्डिंग परवा रविवारी देवळात आहे, दुपारी दोनला, तेव्हा दळणाची गिरणी बंद असते. तंबोरा वीणेकऱ्यांच्या घरी माळ्यावर सापडला, भोपळ्याला चीर गेलीय पण वाजतो. मामा, फॅन बंद ठेवणार.

एकच घोळ झालाय. आठातल्या सहा चाली त्यांना पाठ आहेत, दोन साफ विसरलेत, मधल्या २५ वर्षांत कधी म्हटल्याच नाहीत. रोज संध्याकाळी ॲपवर त्या मुलीच्या कंपनीचाच अल्बम लावून बसतात, एक ओळ ऐकतात, बंद करतात, पेटीवर शोधतात. काल मला विचारत होते, या अंतऱ्यात कोमल निषाद मी कशाला घातला असेल रे?